घरचा मसाला चहा: दूध का फाटतं, चव का बिघडते आणि योग्य क्रम कोणता?

सकाळचं आधण चुलीवर असो वा गॅसवर, चहाशिवाय घराचा दिवस सुरू होत नाही. तरीही रोज करणाऱ्याच्या हातूनही कधी दूध फाटतं, कधी चहा कडवट होतो, तर कधी नुसता फुळकवणी. दोष बहुतेक वेळा मसाल्याचा नसतो. काय आधी घालायचं आणि काय नंतर, इथेच गडबड होते.

साहित्य (२ कप)

- पाणी सव्वा कप (पाव कप उकळताना आटतं)
- दूध पाऊण कप. म्हशीचं दाट दूध असेल तर अर्धा कप पुरे
- चहापूड २ लहान चमचे
- साखर २ ते ३ चमचे, आवडीप्रमाणे
- आलं अर्धा इंच, वेलची २
- हवी असल्यास गवती चहाची ३-४ पाती

कृती

१. पातेल्यात पाणी, ठेचलेलं आलं आणि कात्रीनं कापलेली गवती चहाची पाती घाला. चांगली उकळी आल्यावर २-३ मिनिटं उकळू द्या.

२. साखर आणि चहापूड घाला. आच मध्यम ठेवून २ मिनिटं उकळा.

३. आधी तापवून ठेवलेलं दूध ओता. चहा एक-दोनदा वर आला की आच कमी करा.

४. सालीसकट कुटलेली वेलची घालून गॅस बंद करा. मिनिटभर झाकून ठेवा आणि गाळा.

हाच क्रम का?

आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं. पाण्यात चांगलं उकळलं की ते निकामी होतं. म्हणून आलं आधी पाण्यात, दूध नंतर. कच्चं आलं थेट दुधात किसून टाकलं तर दूध फाटायची भीती जास्त. वेलचीचा वास मात्र पटकन उडून जातो, म्हणून ती शेवटी.

बाजारातली दाणेदार चहापूड सीटीसी पद्धतीची असते. यंत्रात पानं चिरडून, फाडून त्यांचे बारीक दाणे करतात. ही पद्धत १९३०च्या सुमारास आसामात निघाली. या दाण्यांचा रंग आणि कडकपणा लगेच उतरतो, त्यामुळे दुधातही चहाची चव टिकते. पण पूड फार वेळ उकळली तर चहा तुरट-कडू होतो. कडक चहा हवा असेल तर पूड थोडी वाढवा, वेळ नको.

गुळाचा चहा

निपाणी, चिक्कोडी, कोल्हापूर हा उसाचा पट्टा. इथे पाहुण्याला गुळाचा चहा आवर्जून दिला जातो आणि नेमका तोच पाहुण्यासमोर फाटतो! गुळात उसाच्या रसातली आम्लं आणि क्षार उरलेले असतात. उकळत्या दुधात त्यांनी दुधातलं प्रथिन साकळतं. उपाय सोपा आहे: चहा पूर्ण तयार करून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग किसलेला गूळ घालून ढवळा. गूळ घातल्यावर पुन्हा उकळी आणू नका. दूध ताजंच हवं. सकाळचं, जरा आंबूस वासाचं दूध गुळाबरोबर हमखास फाटतं.

घरचा कोरडा मसाला

सुंठपूड ४ चमचे, वेलचीपूड ३ चमचे, मिरपूड १ चमचा, दालचिनीपूड १ चमचा, लवंगपूड अर्धा चमचा आणि थोडं किसलेलं जायफळ एकत्र करा. २ कपांना पाव चमचा मसाला पुरतो. पावसाळ्यात सुंठ-मिरी जरा जास्त चालते, उन्हाळ्यात नुसती वेलचीही पुरे. लवंग मात्र बेतानं; जास्त झाली तर बाकी सगळ्या चवी झाकून टाकते. बरणी घट्ट झाकणाची आणि चमचा कोरडा ठेवा.

चहापूड भेसळीची तर नाही?

सुट्टी पूड घेताना दोन गोष्टी घरीच तपासता येतात. पांढऱ्या टिपकागदावर पूड पसरून पाणी शिंपडा, पूड काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात बघा. गडद तांबूस डाग पडले तर रंग लावल्याची शंका घ्यावी. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची: पुडीवरून चुंबक फिरवा, लोखंडाचा कीस असेल तर चिकटेल.

किती आणि कधी?

चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह शरीराला कमी मिळतं. म्हणून जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा टाळावा, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. त्याच सूचनांनुसार दिवसभरात कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत असावं. चहाच्या एका कपात ते साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. रक्त कमी असलेल्या बायका आणि गरोदर महिलांनी तर ताटावरून उठल्या उठल्या चहाचा कप हातात घेऊ नये. भाकरी, पालेभाजी, उसळ खाऊन मिळवलेलं लोह त्या एका कपापायी निम्मंअर्धं वाया जाऊ शकतं. चहा सोडायची गरज नाही, तासभर थांबलं तरी पुरे.