कलमचाकू

कलमचाकू : डोळा भरणे, कलम बांधणे व छाटणी यांसाठी वापरला जाणारा, बहुधा घडीचा चाकू. डोळे भरण्याच्या चाकूला पात्याच्या पाठीवर किंवा मुठीच्या टोकाला बोथट जिभली असते. संत्र्याच्या रोपवाटिकेत जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा छेद घेतात, तोही सालीपुरताच. मग जिभलीने साल उचलून ढालीच्या आकाराचा डोळा आत सरकवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतात. साल सहज सुटत नसेल, तर खुंटात रस खेळत नाही असे समजून काम थांबवलेले बरे. कलम बांधण्याच्या चाकूचे पाते सरळ असते. धार एकाच बाजूने लावल्यास काप सपाट येतो. कोकणात आंब्याच्या कोय कलमासाठी काडीचे टोक पाचरीच्या आकाराचे तासतात. हा काप एका ओढीत घ्यावा लागतो. चाकू मागेपुढे चालवला की काप दातेरी होतो आणि सांधा जुळत नाही. छाटणीचा चाकू बाकदार. सिकेटर (छाटणीची कात्री) आल्यापासून तो मागे पडला. लिंबूवर्गीय झाडांचा एक्झोकॉर्टिस रोग पात्यावरूनही पसरतो. त्यासाठी पाते सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवतात; नुसते ज्योतीवर धरून भागत नाही.