वारसा आणि अनाथ मूल

माढा तालुक्यातल्या टेंभुर्णीहून पंढरपूरकडे रस्ता फुटतो. त्या पंढरपुरात 1875 साली न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांच्या पुढाकाराने आणि प्रार्थना समाजाच्या आधाराने टाकून दिलेल्या बालकांसाठी आश्रम उभा राहिला. आज तो नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जातो. अशा मुलांना वारसा मिळायचा तरी कुठून? जुन्या हिंदू कायद्यात मूल दत्तक देण्याचा अधिकार आईबापांचाच, आणि दत्तक सजातीय असावा अशी अपेक्षा. अनाथाला ही वाट बंदच होती. उरत होते ते मृत्युपत्र. त्याचे बळ जोतीराव फुल्यांनी नेमके ओळखले. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी आपला मानला आणि 10 जुलै 1887 रोजी मृत्युपत्र करून मिळकत त्याच्या नावे ठेवली. ही तर घरचीच व्यवस्था, यात दान कुठले, असे कोणी म्हणेल. पण यशवंत नालायक निघाला, तर माळी, कुणबी, धनगर अशा समाजांतला लायक मुलगा सत्यशोधक समाजाने निवडावा, अशी तरतूद त्यात आहे. रक्ताच्या नात्याऐवजी लायकीला वारस ठरवणारा हा कागद मला त्या शतकातल्या मोठ्या देणग्यांहून मोलाचा वाटतो.

मग माढा तालुक्यातल्या शेतकऱ्याने असे का केले नाही? त्याला दानत नव्हती, हे उत्तर सोपे आहे आणि अन्यायाचे. फुल्यांची मिळकत कंत्राटदारीतून आलेली, स्वकष्टार्जित. एकत्र कुटुंबातल्या शेतकऱ्याची जमीन वडिलोपार्जित. मुलगे-भाऊ असताना न वाटलेला हिस्सा त्याला मृत्युपत्राने देताच येत नव्हता. धर्मादायाला मुभा होती, हा आक्षेप खरा आहे. पण ती मिळकतीचा अल्प भाग हयातीत देण्यापुरतीच. ज्या जमिनीवर घर जगते, ती हयातीत कोण सोडेल? 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 30 ने ही अडचण दूर केली. आपला हिस्सा, आणि तेवढाच, माणूस मृत्युपत्राने देऊ शकतो. भाऊबंदांचा हक्क त्यात बुडत नाही.

तरी एक भिंत आहेच. 1948 चा कूळकायदा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाऊ देत नाही. तो मूळ मुंबई राज्याचा, म्हणून गुजरातलाही लागू. तिथल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली हे बंधन मृत्युपत्रालाही लावले. भांडवलदारांच्या हाती जमीन जाऊ नये हा हेतू योग्यच, आणि संस्थेच्या नावाआड जमिनी लाटल्या जातील ही भीतीही खोटी नाही. पण नोंदणीकृत न्यास धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली असतो, त्याला स्थावर मिळकत विकायलाही आयुक्तांची परवानगी लागते. एवढा पहारा असताना बालकाश्रमासाठी वेगळी, सोपी वाट कायद्याने द्यायला हवी. कारण टेंभुर्णीच्या परिसरात मागे ठेवण्याजोगे बहुतेकांकडे असते ती जमीनच.