बंद सभा (नगरपरिषद व नगरपंचायत)

नागरिक व पत्रकारांना बाहेर ठेवून नगरसेवकांनी घेतलेली सभा, किंवा चालू सभेतला तेवढा भाग. बोलताना ‘इन कॅमेरा’ असेही म्हणतात. महाराष्ट्रातील लहान शहरांचा कारभार 1965 च्या नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाने चालतो. सभांची पद्धत त्याच्या कलम 81 मध्ये आहे. सभा लोकांना खुली हा नियम, दार लावणे हा अपवाद. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या अधिनियमात तर चर्चा खासगीत व्हावी असे हजर नगरसेवकांच्या बहुमताने ठरावे लागते.

सोलापूर जिल्ह्यातील माढ्यासारख्या ठिकाणी हा अपवाद फार जड पडतो. तालुक्याच्या या गावी पूर्वी ग्रामपंचायत होती. ग्रामसभेत प्रत्येक मतदार सभासद. गटार तुंबली, पाणी आले नाही, तर कोणीही उभे राहून सरपंचाला जाब विचारू शकतो. नगरपंचायत झाली आणि ग्रामसभा गेली. आता 17 प्रभागांतून निवडून आलेले नगरसेवक बोलतात, मतदाराने बसून ऐकायचे. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण त्या 3 लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. माढा किंवा याच तालुक्यातली कुर्डुवाडी नगरपरिषद त्यात बसत नाही. बोलण्याचा हक्क आधीच गेलेल्या माणसाकडे ऐकणे तेवढे उरते, आणि बंद सभा नेमके तेच काढून घेते.

कर्मचाऱ्याची खातेनिहाय चौकशी, कोर्टात चालू असलेला दावा, जागा घेताना किती रकमेपर्यंत जायचे, अशा विषयांना दार लावणे रास्त आहे. ठेका, घरपट्टीची वाढ, गाळ्यांचे भाडे यांना नाही. प्रत्यक्षात दार न लावताही सभा बंद होते. विषयपत्रिकेत नसलेला विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी’ येतो, सूचक-अनुमोदकांची नावे पडतात, आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ एवढी ओळ राहते. चर्चा काय झाली, विरोध कोणी केला, याचा मागमूस नसतो.

त्याहून पक्की बंद सभा म्हणजे प्रशासकांची राजवट. 2022 मध्ये मुदत संपलेल्या मुंबई, सोलापूर अशा महापालिकांत तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुका झाल्या नाहीत. सभागृहाचे ठराव एकाच अधिकाऱ्याच्या सहीने होत राहिले. तिथे बाहेर काढायलाही कोणी नव्हते.

ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थांच्या सभांत पत्रकारांना व लोकांना प्रवेश देणारा 1960 चा कायदा खासदार मार्गारेट थॅचर यांनी खासगी विधेयक म्हणून आणला. भारतात माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याचे कलम 4 हेच काम दुसऱ्या वाटेने करते: आपल्या सभा लोकांना खुल्या आहेत का, त्यांचे इतिवृत्त पाहायला मिळते का, हे प्रत्येक कार्यालयाने कोणी न मागता जाहीर करायचे असते. ते नसेल तर 10 रुपयांचे तिकीट लावून नगरपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. उत्तराची मुदत 30 दिवस.