गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचाय, पण पैसे मोजकेच? आधी हे तपासा

राजगढ (जि. धार) : परीक्षा संपल्या की पोरांची मागणी ठरलेली असते, गेमिंग कॉम्प्युटर. धार-देवास पट्ट्यातली मराठी घरंही याला अपवाद नाहीत. आपल्याकडून इंदूर गाठायचं म्हणजे शंभरेक किलोमीटर. तिथल्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एकदा मशीन घेतलं आणि ते चुकीचं निघालं, तर बदलायला पुन्हा अख्खा दिवस मोडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाणाऱ्या जळगाव-नंदुरबारच्या वाचकांचीही हीच गत. म्हणून घरीच थोडा हिशोब करून निघालेलं बरं.

'आय७' नावाला भुलू नका

सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो. कंपन्यांतून निघालेले जुने प्रोसेसर चमकत्या लाइटच्या नव्या कॅबिनेटमध्ये बसवतात आणि 'आय७ गेमिंग पीसी' म्हणून स्वस्तात विकतात. आता बघा, आय७-२६०० हा प्रोसेसर २०११ चा आहे आणि आय३-१२१००एफ २०२२ चा. दोघांतही ४ कोअर आणि ८ थ्रेड, तरी नवा आय३ त्या जुन्या आय७ पेक्षा बराच वेगवान आहे.

या मालिकांत पिढी नंबरावरूनच कळते. २६०० म्हणजे दुसरी पिढी, ३४७० म्हणजे तिसरी, १२१०० म्हणजे बारावी. दुकानात मशीन सुरू करून टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर विंडोज ११ साठी अधिकृतपणे चालत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचं तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतंच. जुन्या मशीनवर नेमकं इथेच अडतं.

दोन सरळ मार्ग

पहिला, ग्राफिक्स कार्डाशिवाय. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये ६ कोअर आहेत आणि ग्राफिक्स आतच आहे. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए ५ कमी सेटिंगवर चालतात. अट एकच, ८ जीबीच्या दोन रॅम लावा. आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे एकच १६ जीबीची पट्टी लावली तर वेग चांगलाच पडतो. वर्षभराने पैसे जमले की कार्ड टाकता येतं, तोवर कॉलेजचं काम आणि दुकानाची टॅलीही त्यावरच होते.

दुसरा, कार्डासह. आय३-१२१००एफ किंवा रायझन ५ ५६०० सोबत आरएक्स ६६०० (८ जीबी) हे कार्ड फुल एचडी मॉनिटरसाठी पुरेसं आहे. इंटेलच्या नावातला 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. आरटीएक्स ३०५० घेणार असाल तर तो ८ जीबीचा आहे की ६ जीबीचा, ते विचारा. ६ जीबीचा कमी वेगाचा आहे. आणि घरी आल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. बऱ्याच ठिकाणी कार्ड नुसतं बसून राहतं ते यामुळेच.

दोन्ही मार्गांत किमान ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी घ्या.

एसएमपीएसवर काटकसर नको

आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होतं. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस गेला तर सोबत बोर्ड-कार्डही नेऊ शकतो. आरएक्स ६६०० ला ८० प्लस शिक्क्याचा, नावाजलेल्या कंपनीचा ४५०-५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. घरातली अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात तो साधारण ३६० वॅटच देतो, म्हणून वॅटचा आकडा वेगळा बघा.

जुनं कार्ड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. असं कार्ड घ्यायलाच नको असं नाही, पण समोर अर्धा तास गेम चालवून बघा. स्क्रीनवर ठिपके आले, मशीन बंद पडलं किंवा पंखा खडखडला तर सोडून द्या. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच नकली कार्डांची ओळख पटवतं.

बिलाचा हिशोब

कॉम्प्युटरच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. बिलाशिवाय घेतलं तर तेवढे पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण वॉरंटीच्या वेळी हात रिकामे राहतात. पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर बॉक्सचा आहे की 'ट्रे'चा, हेही विचारा. ट्रेच्या प्रोसेसरला कंपनीची थेट वॉरंटी नसते, दुकानदाराचीच असते.

'नो कॉस्ट ईएमआय' असेल तरी व्याजावरचा जीएसटी आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फी भरावी लागते. ती बेरीज करून रोखीच्या भावाशी ताडून बघा.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस चांगलेच चढले. एआयच्या डेटा सेंटरची मागणी हे त्याचं मोठं कारण. त्यामुळे जुन्या व्हिडिओतले भाव धरून निघू नका. दोन दुकानांतून प्रत्येक भागाचा वेगळा भाव त्याच दिवशी लिहून मागा. नुसता 'फुल सेट'चा एकच आकडा सांगणाऱ्या दुकानात पैसे देण्याआधी प्रोसेसर, कार्ड आणि एसएमपीएसचं मॉडेल कागदावर लिहून घ्या.