टायरगाडी: भंगारातल्या चाकाने मराठवाड्याचे ओझे कसे बदलले

१/ पिकअप गाडी म्हातारी झाली की आधी तिचे इंजिन विकले जाते, मग केबिन कापली जाते. उरतो मागचा हौदा, त्याखालचा कणा आणि दोन चाके. या उरलेल्या भागाला पुढे एक दांडा जोडला की ट्रॅक्टरमागे ओढण्याजोगा ट्रेलर तयार होतो. आपण त्याला ‘जुगाड’ म्हणून हसतो. पण मोटारीचे उरलेसुरले अंग गाड्याला जोडण्याची ही रीत जवळपास शंभर वर्षे जुनी आहे. मराठवाड्यात तिचा सर्वांत मोठा वारसा म्हणजे ऊस वाहणारी टायरगाडी. तिचा हा इतिहास. (थ्रेड)

२/ आधी जुन्या लाकडी गाडीचे चाक पाहू. मधोमध तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांना कवेत घेणारे लाकडी पुठ्ठे आणि त्यावर लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवत. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल केली की प्रसरण पावे. मग ती चाकावर चढवून वर पाणी ओतत. थंड होताना ती आकसे आणि सारे चाक आवळून धरी. लाकूडकाम सुताराचे, धाव लोहाराची. दोघेही बलुतेदार, मोबदला बहुधा सुगीतल्या धान्याचा. गाडी मोडली तर ती गावातच दुरुस्त होई, ही या व्यवस्थेची खरी ताकद होती.

३/ या चाकाचे गुण होते तसे दोषही होते. मोठ्या व्यासामुळे ते खाचखळगे सहज ओलांडी. पण धाव अरुंद असल्यामुळे सारे वजन जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर पडे. मराठवाड्याच्या काळ्या मातीत पाऊस झाला की चाक रुते. खडीच्या रस्त्यावर तीच धाव रस्ता फोडी. लोखंडी धावेच्या गाड्या रस्ते खराब करतात, ही रस्ते-अभियंत्यांची जुनी तक्रार होती. मोटारी वाढू लागल्यावर तिला धार आली. १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

४/ त्या काळी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे या शहरातून गेली. १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ बसगाड्यांसह रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. रेल्वे आली, बस आली. पण शेत ते स्टेशन आणि शेत ते बाजार हे अंतर मात्र बैलगाडीच कापत राहिली. कापूस असो वा ज्वारी, मालाचा पहिला प्रवास लाकडी चाकावरच होई.

५/ हवेचे टायर मुळात ओझ्यासाठी नव्हे, आरामासाठी आले. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले, पण ते विस्मृतीत गेले. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलच्या निमित्ताने ते पुन्हा शोधले. १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे डनलॉपचा टायर कारखाना सुरू झाला. बैलगाडीसाठी टायरची चाके भारतात विकली जाऊ लागली आणि उत्तर भारतात तर अशा गाडीचे नावच ‘डनलप’ पडले. पुढे १९४२ मध्ये मलाया जपानच्या हाती गेला, रबराचा पुरवठा तुटला आणि हा प्रसार रखडला.

६/ याच दशकात अटलांटिकपलीकडे एक विलक्षण गोष्ट घडत होती. महामंदीत पेट्रोल परवडेनासे झाले, तेव्हा अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातील शेतकऱ्यांनी जुन्या मोटारींचा मागचा भाग कापला आणि चाकांसकट खेचराला जुंपला. त्या वाहनाला अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या नावावरून ‘हूवर कार्ट’ असे उपहासाने म्हटले गेले. कॅनडात इंजिन काढलेल्या मोटारींना घोडे जुंपले गेले. तिथे पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्यावरून ‘बेनेट बग्गी’ हे नाव रूढ झाले.

७/ तिथे मोटारीची गाडी होणे ही अधोगतीची खूण होती, म्हणून तिला सत्ताधाऱ्यांची नावे मिळाली. आपल्याकडे दिशा उलटी होती. ज्याच्याकडे मोटार कधीच नव्हती, त्याच्या गाडीला मोटारीचे चाक लागले आणि ती प्रगतीची खूण ठरली. वस्तू तीच, कापलेला कणा तोच. अर्थ मात्र समाजाच्या कुठल्या पायरीवरून पाहिले त्यावर ठरला. तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना हा धडा वारंवार उपयोगी पडतो.

८/ टायरगाडी कशी बनते? नवा चाक-कण्याचा संच महाग, म्हणून जुन्या ट्रकचा किंवा जीपचा भंगारातला कणा, हब आणि बेअरिंग कामी येतात. ब्रेकचे आणि इंजिनाशी जोडणारे भाग काढून टाकले जातात; आता चाकाने फक्त मोकळे फिरायचे असते. कण्यावर लोखंडी अँगल आणि चॅनेल यांचा सांगाडा वेल्ड होतो, त्यावर साटा बसतो, पुढे दांडी आणि जू. गुळगुळीत झालेले टायर ट्रकला निकामी असते. बैलाच्या चालीला ते वर्षानुवर्षे पुरते.

९/ दोन चाकांच्या गाडीत सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे तोल. भार कण्याच्या मागे गेला की गाडी उलाळ होते: मागचा भाग खाली बसतो, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. भार फार पुढे आला तर सारे वजन मानेवर येते. आजचे ट्रेलर बांधणारे एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर ठेवावा असे सांगतात, नाही तर ट्रेलर मागे झोके खातो. गाडीवानाला हे गणित टक्केवारीविना ठाऊक होते. फरक इतकाच की ट्रेलर चुकला तर लोखंड वाकते, गाडी चुकली तर मान सोलते.

१०/ या चाकाला खरी मागणी आणली साखरेने. १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयात करापासून संरक्षण मिळाले. १९५० च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना गाळप करू लागला. पुढे ही लाट मराठवाड्यातही आली. १९६५ मध्ये पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये उद्घाटन. पैठण, गंगापूर, कन्नड या आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील तालुक्यांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले.

११/ ऊस तोडला की घड्याळ सुरू होते. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितके त्याचे वजन आणि त्यातली साखर घटते. त्यामुळे तो शक्य तितक्या लवकर गव्हाणीत पोहोचवणे ही कारखान्याची पहिली गरज. ओल्या फडात ट्रक शिरत नाही, लाकडी गाडी थोडा माल नेते आणि रुतते. टायरगाडी मात्र फडात जाते, दोन-अडीच टन किंवा त्याहून अधिक ऊस भरते आणि डांबरी रस्त्याने कारखाना गाठते. कारखान्याजवळच्या उसासाठी याहून स्वस्त साधन नव्हते.

१२/ ती ओढायला माणसे आली कोरडवाहू पट्ट्यातून, मुख्यतः बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून. १९७२ च्या दुष्काळाने हे स्थलांतर आणखी रुंदावले. या जगाची स्वतःची भाषा आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हंगामाआधी मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम म्हणजे ‘उचल’. डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक भरणारे ते ‘डोकी सेंटर’, आणि टायरगाड्यांवर काम करणारे ते ‘टायर सेंटर’. माणसांची ओळखच त्यांच्या ओझ्याच्या साधनावरून ठरली.

१३/ इथे या इतिहासातला कळीचा बदल घडला. लाकडी गाडी असे गाडीवानाच्या मालकीची. टायर सेंटरमध्ये गाडी असते कारखान्याची. मजूर ती भाड्याने घेतो. बैल त्याचे, पण ते अनेकदा उचलीच्या पैशातून घेतलेले. कमाई टनावर. म्हणजे भाडे फेडायचे, उचल फेडायची आणि मिळकत मात्र वजनाच्या काट्यावर. अशा हिशेबात प्रत्येक खेपेला दोन मोळ्या जास्त भरणे हा लोभ नसतो. तो त्या करारातच लिहिलेला असतो. टायरमुळे ओढण्याचे कष्ट हलके झाले, आणि हलके झालेले सारे कष्ट पुन्हा ओझ्याने भरून निघाले.

१४/ हे ओझे कायद्यानेही मोजले आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली १९६५ मध्ये ओढकाम आणि ओझेवाहू जनावरांसाठी नियम आले. दोनचाकी गाडीत २०० ते ३५० किलो वजनाच्या एका बैलामागे साध्या चाकावर ७०० किलो, हवेच्या टायरवर १,०५० किलो, बॉल-बेअरिंग असल्यास १,४०० किलो अशी मर्यादा. दोन बैल असल्यास दुप्पट. दिवसात ९ तासांहून जास्त काम नको, सलग ५ तासांहून जास्त नको. पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही. नियमांनी बैल तोच ठेवला आणि चाक सुधारले म्हणून ओझे दुप्पट होऊ दिले.

१५/ गावात आणखी एक जण या बदलात मागे पडला: गाडीचा सुतार. लोखंडी सांगाड्याला आरे-पुठ्ठे लागत नाहीत, टायरला धाव लागत नाही. दुरुस्ती गावातून तालुक्याच्या पंक्चरच्या आणि वेल्डिंगच्या दुकानात गेली आणि धान्याचा मोबदला रोख झाला. याच काळात शहर बदलत होते. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाढली आणि १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तासणे-घासणे सोडून वेल्डिंगचा पडदा हाती घेणे, हा अनेक कारागीर घरांचा विसाव्या शतकातला प्रवास.

१६/ गाडी सुधारण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या आधुनिकीकरणासाठी अनेक वर्षे मोहीम चालवली. देशाच्या वाहतुकीचा एवढा मोठा भाग ज्या वाहनावर आहे, त्याकडे अभियंते पाहतही नाहीत, ही त्यांची खंत होती. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील राजारामनगर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘सारथी’ हे आधाराचे तिसरे चाक तयार केले. ते जूजवळ, दोन बैलांच्या मध्ये बसते आणि मानेवरचा भार स्वतः घेते. त्याची छायाचित्रे देशभर फिरली. उपाय साधा होता. तो टायर आल्यानंतर इतक्या उशिरा यावा, हे बोलके आहे.

१७/ आता बैलही मागे पडत आहेत. जोडीची किंमत आणि चारा परवडेना, तेव्हा छोट्या ट्रॅक्टरला तीच टायरगाडी जोडून ऊस वाहिला जातो; कारखान्यांच्या परिसरात या जोडणीलाच ‘जुगाड’ म्हणतात. इथे कायदा मजेशीर वळण घेतो. गाडी बैल ओढत असतील तर ती मोटार वाहन नाही. तीच गाडी ट्रॅक्टरने ओढली की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ती ‘ट्रेलर’ ठरते, आणि ट्रेलर हा मोटार वाहनाच्या व्याख्येतच येतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंजिन बसवलेले घरगुती जुगाडही मोटार वाहनच असल्याचे स्पष्ट केले.

१८/ म्हणजे मोटारीचे चाक फिरून पुन्हा मोटारीमागे आले. मधल्या काळात त्याने पुष्कळ दिले: रुतणारी गाडी चालती केली, फडातला ऊस गव्हाणीपर्यंत नेला, भंगाराला दुसरे आयुष्य दिले. पण बचत झालेली ताकद कुणाच्या पदरात पडली, हे चाकाने ठरवले नाही. गाडी कुणाच्या मालकीची, उचल कुणाची आणि काटा कुणाच्या हाती, यांनी ते ठरवले.

१९/ हंगामात छत्रपती संभाजीनगरहून पैठण किंवा गंगापूरच्या रस्त्याने जाताना टायरगाड्यांची रांग दिसली, तर तिच्या चाकाकडे नीट पाहावे. टायर कोणत्या वाहनाचे असावे, कणा कुठून आला असेल, साटा कुणी वेल्ड केला असेल. दस्तऐवज केवळ दफ्तरखान्यातच असतात असे नाही. काही रस्त्यावरून, उसाच्या ओझ्याखाली, रात्री उशिरा कारखान्याकडे चाललेले असतात.