अंकनियंत्रित यंत्राची कुळकथा

यंत्रांचा इतिहास म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठे कारखाने उभे राहतात. परंतु एखादे यंत्र कारखान्याचा दरवाजा ओलांडून घराच्या पडवीत येऊन बसते, तेव्हा त्याच्या इतिहासाला निराळेच वळण लागते. सीएनसी राऊटर हे असे एक यंत्र आहे. संगणकाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे फिरते बिट पुढेमागे, डावीउजवीकडे आणि खालीवर नेऊन लाकूड कोरावे, हे त्याचे काम. असे एक यंत्र आम्ही घरी जुळवले. त्याने पहिले काप घेतले आणि ते चुकले. ते का चुकले याचा विचार करता करता आम्ही पाऊण शतक मागे जाऊन पोहोचलो.

या यंत्राच्या कुळात दोन पूर्वज फार जुने आहेत. पहिला इंग्लंडातला. 1800 च्या सुमारास हेन्री मॉडस्ले याने लेथच्या हत्याराला कारागिराच्या मुठीतून सोडवून सरकत्या बैठकीवर बसवले आणि आटे पाडलेल्या दांड्याने ती बैठक पुढे नेली. आजही आमच्या राऊटरचा प्रत्येक अक्ष अशाच आटेदार दांड्यावर सरकतो. दुसरा पूर्वज फ्रान्सातला. 1804 च्या सुमारास लियाँ शहरातल्या जोसेफ मारी जाकार याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी मागावरची नक्षी चालवली. हात धरून हत्यार नेण्याचे काम मॉडस्लेच्या दांड्याने घेतले आणि नक्षी ध्यानात ठेवण्याचे काम जाकारच्या पुठ्ठ्याने. या दोन गोष्टी धातुकामात एकत्र येण्यास मात्र जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

त्या एकत्र आल्या त्या हेलिकॉप्टरमुळे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी नावाचे तळ्याकाठचे गाव आहे. तेथे जॉन पार्सन्स हा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिकोर्स्की हेलिकॉप्टरची पंखपाती करून देत असे. पात्याच्या आडव्या छेदाची बाह्यरेषा कळावी म्हणून त्याच्याकडे 17 बिंदू येत. बाकीची रेषा आरेखकाने फ्रेंच कर्व्ह लावून जुळवायची आणि त्या बरहुकूम फर्मा घासायचा. साहजिकच दोन आरेखकांच्या रेषा तंतोतंत एक नसत. पार्सन्स आणि त्याचा अभियंता फ्रँक स्टुलेन यांनी आयबीएमच्या कार्डांवर चालणाऱ्या गणनयंत्राला मधले बिंदू काढावयास लावले आणि 17 च्या जागी 200 बिंदू मिळवले. मग मिलिंग मशीनपाशी तीन माणसे उभी राहिली. एकाने आकडे मोठ्याने वाचायचे आणि दोघांनी एकेक चाक त्या आकड्यापर्यंत फिरवायचे! पुढे संगणकाने केले ते एवढेच, की या तीन माणसांची जागा घेतली.

1949 च्या जून महिन्यात अमेरिकन हवाई दलाने या कल्पनेसाठी पार्सन्सला कंत्राट दिले. विद्युत-नियंत्रणाचे ज्ञान हवे म्हणून त्याने एमआयटी या संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेची मदत घेतली. पुढे हवाई दलाने त्या संस्थेशी थेट करार केला आणि मूळ कल्पक बाजूला पडला. 1952 मध्ये प्रयोगशाळेने सिनसिनाटी हायड्रोटेल जातीचे एक मिलिंग मशीन भोके पाडलेल्या कागदी फितीवर चालवून दाखवले. नियंत्रणाच्या कपाटांत अडीचशेंहून अधिक निर्वात नळ्या होत्या. आरंभी फिती तयार करणे हेच मोठे कष्टाचे काम होते. त्यासाठी डग्लस रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एपीटी नावाची आज्ञाभाषा रचली. 1959 मध्ये ती जाहीर झाली, तेव्हा पत्रकारांना तिच्या आधारे कापलेले ॲल्युमिनियमचे रक्षापात्र भेट मिळाले. पार्सन्स आणि स्टुलेन यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले ते 1985 मध्ये.

येथे एक प्रश्न उभा राहतो. यंत्र आपोआप चालावे यासाठी हाच एक मार्ग होता काय? नव्हता. 1946-47 च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी दुसरी रीत सिद्ध केली होती. कुशल कामगाराने एकदा वस्तू स्वतः कापायची, त्याच्या हाताच्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपायच्या आणि मग यंत्राने त्याच बरहुकूम फिरायचे. या रीतीत कार्यक्रम लिहिणारा तो कामगारच होता. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे, की आकड्यांची रीत निवडण्यामागे, कामाची सूत्रे कामगाराच्या हातून काढून कचेरीतल्या मेजावर न्यावी, ही व्यवस्थापकांची इच्छाही होती. याला उत्तर असे दिले जाते, की विमानांचे काही आकार हातांनी कापताच येत नव्हते, मग टिपायचे काय? आम्हाला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते. गरज खरी होती, आणि तिच्या आडून कामगाराविषयीचा अविश्वासही आत शिरला, हेही खरे.

तेच यंत्र पुढे सामान्य माणसाच्या आटोक्यात कसे आले? आधी निर्वात नळ्या गेल्या, मग फिती गेल्या आणि संगणक स्वस्त झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 1990 नंतरच्या दशकात तयार केलेली नियंत्रण-प्रणाली सर्वांना खुली झाली. तीच आज लिनक्ससीएनसी या नावाने ओळखली जाते. 2005 मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी आर्डुइनो हे छोटे, स्वस्त संगणक-कार्ड जन्माला आले. त्यावर चालेल असा जीआरबीएल नावाचा कार्यक्रम नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड याने 2009 मध्ये लिहून मोकळा केला. ज्या कामाला कपाटे लागत, ते तळहाताएवढ्या पट्टीवर होऊ लागले. आज पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशी कार्डे आणि मोटारी सहज मिळतात.

आमचे यंत्र याच जातीचे. त्याची स्टेपर मोटार एका फेऱ्यात 200 पावले टाकते. प्रत्येक पावलाचे 16 भाग केले आणि दांडा एका फेऱ्यात 8 मिलिमीटर पुढे जात असला, म्हणजे एका मिलिमीटरला 400 सूक्ष्म पावले पडतात. कागदावर हे गणित फार देखणे दिसते! आम्ही बिटाच्या जागी आधी पेन्सिल बांधली आणि 300 मिलिमीटरांचा चौरस काढला. चारही बाजू बरोबर भरल्या. आम्ही खूष झालो. ओळखीचे एक वृद्ध सुतार मिस्त्री पाहावयास आले होते. त्यांनी खिशातली टेप काढून चौरसाचे दोन्ही कर्ण मोजले आणि म्हणाले, "साहेब, रेघ सरळ आहे, पण चौकट गुण्यात नाही." कर्णांत 2 मिलिमीटरांचा फरक होता. आडवा पूल रुळांवर तिरका बसला होता. आकडे बिनचूक होते, पण आकड्यांना चौकटीचे काय ठाऊक!

पूल सरळ करून आम्ही सागाच्या फळीत वर्तुळ कापले. दिशा पालटते त्या चार ठिकाणी ते चपटे आले, कारण दांडा आणि नट यांत किंचित प्ले होता. शिवाय कडा काळ्या पडल्या आणि धूर निघाला. बिट मिनिटाला 18,000 फेरे घेत होते आणि पुढे सरकत होते अवघे 600 मिलिमीटर. दोन धारांच्या बिटाची प्रत्येक धार मिलिमीटरचा साठावा भागच काढत होती. म्हणजे ती कापत नव्हती, नुसती घासत होती. मिस्त्रींना हा भागाकार ठाऊक नव्हता. ते आवाज ऐकून म्हणाले, "ते रडतंय. जरा पुढे ढकला त्याला." वेग 1,800 केला, तेव्हा रडणे थांबले आणि धुराऐवजी स्वच्छ ढलप्या उडू लागल्या.

एमआयटीच्या यंत्रात एक सोय होती. हत्यार प्रत्यक्ष कोठे पोहोचले याची खबर नियंत्रणाकडे परत येत असे. घरगुती स्टेपर मोटारीला बहुधा ही सोय नसते. तिचे पाऊल चुकले तरी तिला ते कळत नाही, ती निःशंकपणे पुढची पावले टाकीत राहते. ती खबर मग माणसाच्या कानाने, डोळ्याने आणि गुण्याने आणावी लागते. आकड्यांची सूत्रे ज्या कारागिराच्या हातून एकदा काढून नेली, त्याच्याच दाराशी हे यंत्र साठ वर्षांनी आकडे सुधारून घ्यावयास परत आले, असे आम्हाला त्या दिवशी वाटले.

कारखान्यात आकडे लिहिणारा एक आणि यंत्रापाशी उभा राहणारा दुसरा, अशी वाटणी झाली. घरी मात्र ही दोन्ही माणसे एकच असावी लागतात, आणि त्यात कमी पडले तर शेजारच्या मिस्त्रींना बोलवावे लागते. आपल्याकडे शाळांतून आणि तंत्रनिकेतनांतून आता अशी यंत्रे मांडली जात आहेत. ती मांडणाऱ्यांना आमची एकच विनंती आहे. संगणकाच्या शेजारी एक गुण्या, एक टेप आणि एक रंधा ठेवा, आणि ते वापरणारा एखादा जाणता सुतारही बोलवा. मुलांना आकडा लिहिता येईल, तो कोणीही शिकवील. लाकूड रडते आहे हे ऐकू येण्यासाठी मात्र ज्याने ते आयुष्यभर ऐकले, त्याच्याच शेजारी उभे राहावे लागते.