पेटंटच्या प्रमाणित प्रतीचा ई-प्रवास
चाकण-पिंपरीच्या पट्ट्यातील उद्योजकाने नव्या सुट्या भागासाठी मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केल्यास, पॅरिस करारानुसार १२ महिन्यांत परदेशी अर्ज करून पहिल्या अर्जाच्या तारखेचा अग्रहक्क त्याला मागता येतो. त्यासाठी मूळ अर्जाची प्रमाणित प्रत लागते. पूर्वी ती शिक्क्यानिशी कागदावर पाठवावी लागे. टपालखर्च किरकोळ, उशीर झाला तर मात्र अग्रहक्कच धोक्यात. जीनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ‘डिजिटल अ‍ॅक्सेस सर्व्हिस’मध्ये भारत ३१ जानेवारी २०१८ पासून सहभागी आहे. प्रत तेथे उपलब्ध करण्याची विनंती अर्जदाराने आपल्या कार्यालयाकडे करायची आणि मिळालेला संकेतांक परदेशी कार्यालयाला कळवायचा. जपानसारख्या सहभागी देशाचे कार्यालय प्रत परस्पर मिळवते. १२ महिन्यांची मुदत मात्र त्यामुळे वाढत नाही.